सारखी लढायला बोलावणारी मैत्रीण

या कार्यक्रमात आपण नेहमी बचत, कर्ज, शेळीपालन, हिमोग्लोबिन अशा विषयांवर बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. मुलं जे व्हिडिओ गेम खेळतात, त्यातल्या एका मुलीबद्दल आज बोलायचं आहे. ती मुलगी खरी नाही, गेममधलं पात्र आहे. "या बायांना दुसरा विषय सापडला नाही का?" असं काही जणी म्हणतील. पण हा प्रश्न आम्हाला आमच्या गटाच्या बैठकीतच विचारला गेला. आणि त्याचं उत्तर शोधता शोधता आम्ही आपल्या घरातल्या लेकींपर्यंत येऊन पोचलो.

झालं असं की सुट्टीत पुण्याहून एका ताईंची भाची आली होती. तिच्याकडे निन्टेन्डो स्विच नावाचं, हातात धरून खेळायचं यंत्र होतं. ताईंची नववीतली लेकही तिच्या शेजारी बसून गेम बघायची. कामं करता करता ताईंचीही नजर जायची. बैठकीत त्या म्हणाल्या, "त्या गेममध्ये एक पोरगी आहे. गोड हसते, आमच्या पोरीला मैत्रीण म्हणते आणि जिथं जाईल तिथं आधीच उभी असते. आली की एकच, चल लढू या! मला काही ती सरळ वाटत नाही. शेवटी घात करणार, बघा."

सगळ्या हसल्या, पण निम्म्या जणींनी मानाही डोलावल्या. कारण रोज रात्री मालिकांमध्ये आपण हेच बघतो. जी मैत्रीण फार गोड बोलते, तिचंच कारस्थान शंभराव्या भागात उघडं पडतं. म्हणून मग आम्ही दोघी-तिघी त्या मुलींजवळ बसलो आणि गोष्ट समजून घेतली. गेम इंग्रजीत आहे, पण पोरींनी अर्थ सांगितला.

गेमचं नाव पोकेमॉन स्कार्लेट. त्याचा जोडीदार पोकेमॉन व्हायोलेट. दोन्ही नोव्हेंबर २०२२ मध्ये आले. पोकेमॉन म्हणजे काय, हे तुमच्यातल्या पंचवीस-तिशीच्या पोरींना सांगायला नको. २००३ पासून कार्टून नेटवर्कवर हिंदीत तो पिवळा पिकाचू दिसायचा आणि शाळेतून आल्यावर दप्तर टाकून पोरं टीव्हीपुढं बसायची. तर गेममध्ये असे शेकडो निरनिराळे प्राणी असतात. ते पकडायचे, सांभाळायचे, शिकवायचे आणि दुसऱ्याच्या प्राण्यांशी त्यांचा सामना लावायचा. आपल्याकडच्या तालमीसारखं समजा. सामना संपला की दुखावलेल्या प्राण्याला दवाखान्यात नेऊन पुन्हा ठणठणीत करता येतं.

या गेममध्ये आपण एका नव्या शाळेत दाखल होतो. आपल्या शेजारच्या मोठ्या घरात नेमोना नावाची मुलगी राहते. तीच ताईंना खटकलेली मुलगी. ती विद्यार्थ्यांची प्रमुख आहे आणि सामन्यांतली सगळ्यात वरची पायरी तिनं आधीच गाठलेली आहे. तरीही ती नवशिक्या आपल्याला गाठते आणि म्हणते, तू माझी प्रतिस्पर्धी हो. नंतर गावोगावी ती भेटते. आपण एक स्पर्धा जिंकली की ही हजर, दुसरी जिंकली की पुन्हा हजर. ताईंना वाटलं ते चुकीचं वाटलं असं नाही. बाहेरून बघणाऱ्याला हा पाठलागच वाटेल.

आता तिच्या वागण्यातल्या बारीक गोष्टी बघू.

सुरुवातीला तीन प्राणी समोर येतात. एक गवताचा, एक आगीचा, एक पाण्याचा. आग गवताला जाळते, पाणी आगीला विझवतं आणि गवत पाणी पिऊन वाढतं. त्यामुळे प्रत्येक जण एकाला भारी आणि एकाला कच्चा असतो. नेमोना आपल्याला आधी निवडू देते. आणि मग स्वतःसाठी उरलेल्यांतला नेमका तो घेते, जो आपल्या प्राण्यापुढं कच्चा पडेल. तिच्याकडे जुने तरबेज प्राणी असतात. ते ती लगेच काढत नाही. नवा प्राणी घेते, त्याला आपल्या बरोबरीनं वाढवते आणि आपल्या ताकदीला साजेसाच सामना लावते. आपण जिंकलो की तिला राग येत नाही. ती आनंदानं उड्या मारते. वाटेत अडलं तर सांगते, समजावते. आपण तिच्या पायरीवर पोचलो की मगच ती म्हणते, आता मी पूर्ण ताकदीनं लढणार. तिच्या मनात एवढंच असतं. तिच्या तोडीचं शाळेत कुणी उरलेलं नसतं आणि तिला बरोबरीची सोबत हवी असते.

म्हणजे ताईंच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं, की नेमोनाच्या मनात काळंबेरं काही नाही. गोष्ट शेवटपर्यंत गेली तरी ती जशी दिसते तशीच निघते.

पण खरी गंमत पुढं आहे. या गेममध्ये आपल्याला आणखी दोन सोबती मिळतात. एक आर्वेन नावाचा मुलगा. तो म्हणतो, मला औषधी वनस्पती शोधायच्या आहेत, रांधायला हव्यात, मदत कर. खरं कारण तो आधी सांगत नाही. त्याचा जीव की प्राण असलेला कुत्र्यासारखा पोकेमॉन गंभीर आजारी असतो आणि त्याच्यासाठी ही धावपळ असते. दुसरी पेनी. ती दुसरंच नाव घेऊन फोनवर बोलते. शाळा बुडवणाऱ्या उनाड पोरांची टोळी मोडायला मदत कर म्हणते. शेवटी कळतं की टोळीची म्होरकी तीच होती. शाळेत ज्यांना छळलं जात होतं, अशा पोरांनी एकमेकांच्या आधारासाठी ती टोळी केली होती. आता आपल्यामुळे मित्रांचं नुकसान होतंय, हे तिला कळलेलं असतं.

तर तिघांपैकी एकानं दुःख लपवलं, एकीनं नाव लपवलं. काहीच लपवलं नाही ते नेमोनानं. आणि आपल्याला संशय आला तो तिचाच! का? कारण ती उघडपणे म्हणते, मला तुझ्याशी लढायचंय. आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे की चांगली मुलगी कुणाशी चढाओढ करत नाही. मुलानं चढाओढ केली तर तो जिद्दी. मुलीनं केली तर ती आगाऊ, नाहीतर आतल्या गाठीची. हे ऐकताना आमच्यातल्या कितीतरी जणी गप्प झाल्या.

मग आम्हाला वाटलं, बाकीच्या पोकेमॉन गेममध्ये तरी काय होतं ते बघू. पोरींनी आणि पुण्याच्या भाचीनं मिळून सगळी वंशावळच सांगितली.

पहिला गेम जपानमध्ये फेब्रुवारी १९९६ मध्ये आला. सातोशी ताजिरी नावाच्या माणसानं तो रचला. त्याला लहानपणी किडे पकडण्याचा फार नाद होता. त्या पहिल्या गेममध्ये प्रोफेसर ओक यांचा नातू आपला प्रतिस्पर्धी असतो. तो आखडू. आपल्याला टोमणे मारतो आणि नेमोनाच्या उलट, आपल्या प्राण्याला भारी पडेल असाच प्राणी निवडतो. पण तो खलनायक नाही. खलनायक असतो गुन्हेगारांच्या टोळीचा प्रमुख. आणि तो बसलेला कुठं? एका गावच्या तालमीचा प्रतिष्ठित उस्ताद म्हणून! २०१० च्या गेममध्ये गेत्सिस नावाचा माणूस भर चौकात भाषणं करतो. प्राण्यांना माणसांच्या तावडीतून सोडवा म्हणतो. ऐकून डोळ्यांत पाणी यावं. त्याचा खरा डाव असा, की सगळ्यांनी आपले प्राणी सोडून द्यावेत आणि मग फक्त त्याच्याकडेच राहावेत. २०१६ च्या गेममध्ये लुसामिन नावाची देखणी, मायाळू बाई जखमी प्राण्यांसाठी संस्था चालवते. आतल्या खोलीत तिनं प्राणी गोठवून शोभेला ठेवलेले निघतात. २०१९ च्या गेममध्ये रोझ नावाचे हसतमुख अध्यक्ष स्पर्धा भरवतात. हजार वर्षांनंतरच्या वीजटंचाईची काळजी पुढं करून ते आजच सगळ्यांना संकटात टाकतात. आणि या शेवटच्या दोन गेममध्ये आपल्याशी चढाओढ करणारी जी मुलं असतात, त्यांच्यातली हाऊ आणि हॉप ही मोकळ्या मनाची पोरं निघतात.

मैत्रिणींनो, हे ऐकून आम्हाला आपलीच आठवण झाली. गावात येऊन "ताई, दोन दिवसांत कर्ज, कागद नको, फक्त फोनमधल्या नंबरांची परवानगी द्या" म्हणणारा कधी आपल्याशी भांडतो का? तो चहा पितो, लेकरांच्या गालाला हात लावतो. ज्याला आपल्याला फसवायचं असतं, तो सहसा चढाओढ करत नाही. तो आपलं भलं करायला आलेला असतो.

आता कुणी म्हणेल, म्हणजे चढाओढ कधी वाईट नसतेच का? तसंही नाही. १९९९ च्या गेममधला लाल केसांचा मुलगा प्रयोगशाळेतून प्राणी चोरून आणतो आणि कमकुवत प्राण्यांना हिणवतो. हळूहळू तो बदलतो, पण सुरुवात चोरीनंच होते. आणि चढाओढ कशी नासते, हे दाखवणारी एक गोष्ट तर याच स्कार्लेट गेमच्या पुढच्या भागात आहे. तो भाग सप्टेंबर २०२३ मध्ये आला. आम्हाला ती गोष्ट सगळ्यात जास्त लागली.

त्यात कीरन नावाचा लाजराबुजरा मुलगा आहे. त्याच्या गावात एका राक्षसाची दंतकथा आहे. सगळं गाव त्या राक्षसाला दुष्ट म्हणतं, पण कीरनला तो लहानपणापासून आवडतो. एके दिवशी तो राक्षस, ओगरपॉन, खरोखर आपल्याला आणि कीरनच्या बहिणीला, कार्माइनला, दिसतो. कार्माइन म्हणते, कीरनला आत्ता सांगू नको, त्याला वाईट वाटेल. तिचा हेतू चांगलाच असतो. आपण गप्प राहतो. पण कीरनला कळतं. ज्याच्यासाठी तो वर्षानुवर्षं झुरला, ती गोष्ट त्याच्याच माणसांनी त्याच्यापासून लपवली. शेवटी ओगरपॉन आपल्याबरोबर यायचं ठरवते. कीरन हट्टानं लढतो आणि हरतो.

त्यानंतरच्या भागात तो भेटतो तेव्हा ओळखू येत नाही. रात्रंदिवस सराव करून त्यानं आपल्या शाळेत पहिला नंबर काढलेला असतो. बरोबरीच्या मुलांवर खेकसतो, खेळातला आनंद संपलेला असतो. त्याला जिंकायचंही नसतं, त्याला फक्त आपल्याला हरवायचं असतं. तरीसुद्धा तो दुष्ट नाही. दुखावलेला आहे. शेवटी तो पुन्हा मैत्रीचा हात पुढं करतो.

यावरून आम्ही आमच्यापुरती एक समजूत केली. सोबतीच्या चढाओढीमागं वाईट हेतू आहे का, हे तिच्या गोड बोलण्यावरून किंवा सारखं समोर येण्यावरून कळत नाही. त्यासाठी तीन गोष्टी बघायच्या. तिला काय हवंय, ते ती उघड सांगते का? आपण ताकदवान झालो तर तिला बरं वाटतं का, की आपण कमी व्हावं अशी तिची खटपट असते? आणि हरल्यावर ती काय करते? नेमोना तिन्ही कसोट्यांना उतरते. गेत्सिस एकाही कसोटीला उतरत नाही. तो हेतू लपवतो, इतरांना दुबळं करतो आणि हरला की आग ओकतो. कीरन पहिली कसोटी पार करतो आणि पुढच्या दोन्हींत अडकतो. अशा मुलाला दूर लोटायचं नसतं. त्याच्यापासून काय लपवलं गेलं, हे आधी बघायचं असतं.

आता ताईंच्या मनातली खरी गोष्ट सांगायची परवानगी त्यांनीच दिली आहे. गेम हे निमित्त होतं. त्यांच्या लेकीची वर्गात एक मैत्रीण आहे. गणितात, धावण्यात, वक्तृत्वात, सगळ्यात हिच्याशी चुरस करते. पेपर मिळाला की आधी हिचे मार्क विचारते. ताईंनी लेकीला सांगितलं होतं, "तिच्यापासून लांब राहा, ती तुझ्यावर जळते." लेक ऐकून घ्यायची, पण तिचा चेहरा उतरायचा. आम्ही ताईंना त्याच तीन गोष्टी विचारायला सांगितल्या. लेकीनं उत्तर दिलं, "आई, मी तापानं आठ दिवस घरी होते तेव्हा सगळ्या वह्या तीच घेऊन आली. म्हणाली, तू मागं राहिलीस तर मला मजा येणार नाही." ताईंनी त्या पोरीला रविवारी घरी जेवायला बोलावलं. आता दोघी एकत्र अभ्यास करतात आणि तरीही मार्कांवरून भांडतात. भांडू द्यावं.

नववी-दहावीच्या वयात एखाद्या पोरीला बरोबरीची मैत्रीण मिळणं ही साधी गोष्ट नाही. दहावीनंतर कितीतरी पोरींची शाळा सुटते. तेव्हा "तू पुढं शीक, नाहीतर मी कुणाशी स्पर्धा करू?" असं म्हणणारी एक जण असली तरी पोर टिकते. अशी मैत्रीण आपण संशयापायी तोडून टाकली, तर नुकसान आपल्याच लेकीचं होतं.

आपल्या गटांचंही तसंच आहे. तालुक्याच्या प्रदर्शनात शेजारच्या गटाचा पापड आपल्यापेक्षा पातळ निघाला, तर "त्यांनी मुद्दाम केलं" म्हणायचं, की लाटणं कुठलं वापरता असं विचारायचं? ताजिरींच्या पहिल्या गेमबद्दलची एक गोष्ट आम्हाला फार आवडली. त्या गेमच्या दोन आवृत्त्या होत्या आणि काही प्राणी एकीतच मिळायचे, काही दुसरीतच. दोन यंत्रं तारेनं जोडून मुलांनी आपसांत अदलाबदल करायची. एकट्यानं दीडशे प्राणी पुरे करताच यायचे नाहीत. ज्याच्याशी लढायचं, त्याच्याकडूनच उरलेलं घ्यायचं. अंतर्गत कर्ज देणाऱ्या आपल्यासारख्या बायांना हे निराळं समजावून सांगायला नको.

शेवटी एक सावधगिरीची गोष्ट, नाहीतर आजचं बोलणं अर्धवट राहील. नेमोना ही लेखकांनी लिहिलेली मुलगी आहे. तिचं प्रत्येक वाक्य ठरलेलं आहे. ती आपल्या लेकराचा फोन नंबर मागू शकत नाही. पण मोबाइलवरच्या बऱ्याच गेममध्ये पलीकडे खरी, अनोळखी माणसं असतात. त्यांच्याशी लिहून किंवा आवाजानं बोलता येतं. तिथंही सामना खेळणारा हा सहसा फक्त खेळणाराच असतो. पण खेळता खेळता कुणी खेळाबाहेर बोलवायला लागला, व्हॉट्सॲपवर ये म्हणाला, फोटो मागितला, फुकट वस्तू देतो म्हणून ओटीपी विचारला, किंवा "आईला सांगू नको" म्हणाला, की ती चढाओढ राहिली नाही. त्यातही "सांगू नको" हे शब्द मुलांनी नीट ध्यानात ठेवावेत. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या नंबरवर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. मूल अडचणीत असेल तर १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आहे.

पण मूल आपल्याला हे सांगणार कधी? आपण गेमचं नाव काढताच मोबाइल हिसकावत नसू, तेव्हाच. म्हणून या आठवड्यात एक काम करा. पोरं खेळत असतील तेव्हा दहा मिनिटं शेजारी बसा. हातात निवडायचे तांदूळ असले तरी चालेल. विचारा, "ही कोण? तिला काय पाहिजे? तू जिंकलीस की ती काय म्हणते?" उत्तरं ऐका, मध्ये बोलू नका. माणूस कसा ओळखायचा, हे आपण लेकींना शिकवतोच. त्यांनाही त्यातलं काही कळतं, हे तुमच्या ध्यानात येईल.

पुढच्या वेळी उन्हाळी पापड-कुरडयांचा हिशोब कसा ठेवायचा, यावर बोलू. तोवर नमस्कार.